ओट्यावर तुमचीच सावली पडते का? किचनमधला एलईडी बदलण्याआधी हे बघा

(कॅमेरा ओट्यावर. मागची ट्यूब चालू.)

नमस्कार मंडळी. बोलण्याआधी एक गोष्ट दाखवतो. माझी आई रोज जिथे उभी राहते, तिथे मी उभा आहे. तोंड भिंतीकडे, हातात सुरी, पाटावर कांदा. आता पाटाकडे नीट बघा. अर्धा पाट अंधारात आहे. ही सावली माझ्याच डोक्याची आणि खांद्यांची, आणि आई या सावलीत वर्षानुवर्षं भाजी चिरत आली.

मी लालबाग-परळ भागात वायरमनचं काम करतो. घरोघरी एकच तक्रार असते, ‘किचनमध्ये उजेड पुरत नाही, जरा जास्त वॉटचा दिवा लावून द्या.’ मी दिवा लावायच्या आधी त्यांना ओट्यापाशी उभं करतो. आपल्या मुंबईच्या घरांत ट्यूबचा पॉइंट एक तर छताच्या मधोमध असतो नाही तर दरवाजावरच्या भिंतीवर. ओटा समोरच्या भिंतीला. म्हणजे उजेड कायम पाठीवर. त्यात ओट्यावर कपाटं आली की त्यांचीही सावली खाली. तुम्ही 20 वॉटच्या जागी 40 वॉट लावा, भिंती उजळतील, पण पाटावरची सावली जागची हलणार नाही. उजेड तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये आणायला हवा. आजचं सगळं काम त्यासाठीच आहे.

आधी वरची ट्यूब पटकन उरकू. जुनी चार फुटी ट्यूब 36 वॉटची. तिच्या पट्टीत, म्हणजे फ्रेममध्ये, तांब्याचा चोक असेल तर तो वर दहा-बारा वॉट खातो. म्हणजे धरा 48 वॉट. रोज पाच तास लावली तर महिन्याला सव्वासात युनिट. 20 वॉटची एलईडी पट्टी तेवढ्याच वेळात तीन युनिट घेते. बिल बेस्टचं येवो, अदानीचं येवो की टाटाचं, हिशोब हाच. खोक्यावर वॉटपेक्षा ल्युमेनचा, म्हणजे उजेडाचा, आकडा वाचा. 20 वॉटला 2000च्या आसपास ल्युमेन हवेत. जुन्या ट्यूबचा उजेड चहूबाजूंनी जायचा, त्यातला बराचसा छतावरच. एलईडी पट्टी तो खाली टाकते.

इथे एक विनंती. जुन्या फ्रेममध्येच एलईडीची ट्यूब बसवायचा मोह टाळा. काही ट्यूबना फेज (करंटची वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) एकाच टोकाला द्यावे लागतात, काहींना दोन टोकांना. गल्लत झाली तर शॉर्ट होऊ शकतो, किंवा एक टोक बसवताना दुसऱ्या टोकाच्या पिनेत करंट येऊ शकतो. चोक-स्टार्टरसकट जुनी पट्टी उतरवा आणि नवी पूर्ण पट्टी लावा.

आता रंग. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण दुकानात कुणी हे सांगत नाही.

(दोन दिवे हातात घेतो.)

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे प्रकाश पडला की चमकणाऱ्या पावडरीचा, थर. निळा आणि पिवळा मिसळून डोळ्याला पांढरा दिसतो. तो निळा एलईडी जमवण्यातच संशोधकांची कित्येक वर्षं गेली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. थर साधा असला की उजेडात निळा भरपूर आणि गडद लाल फार थोडा. आणि आपला स्वयंपाक म्हणजे सगळा लाल-पिवळ्याचा खेळ. तिखट, हळद, कोकम, टोमॅटो, फोडणीतला लसूण. लसूण बदामी झाला की करपायला लागला, हे तुम्ही रंगावरून ठरवता. पापलेट आणल्यावर कल्ले लालबुंद आहेत की मळकट, हेही रंगावरूनच. लाल कमी असलेल्या उजेडात ताजे कल्लेही तपकिरी वाटतात.

म्हणून खोक्यावर दोन गोष्टी शोधा. पहिली, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. साधा माल 80चा असतो. किचनसाठी 90 किंवा त्यावरचा मागा. दुकानदार आर-नाइनचा आकडा देऊ शकला तर सोन्याहून पिवळं, कारण तो खास गडद लालसाठी असतो. दुसरी गोष्ट, केल्विन, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा. आपल्याकडे सवयीने सगळे 6500 उचलतात, निळसर पांढरा, कारण तो जास्त ‘फक्क’ दिसतो. 3000 पिवळसर. माझं मत विचाराल तर ओट्यावर 4000. भाजीचा हिरवा हिरवाच दिसतो आणि रात्री दहा वाजता भांडी घासताना डोळ्यांवर मारा होत नाही. वरची पट्टीही 4000चीच घ्या. वर निळसर आणि खाली पिवळट असलं की एकाच पोळीचे दोन रंग दिसतात.

आता मुख्य काम, कपाटाखालची स्ट्रिप, म्हणजे बारीक एलईडींची लवचिक फीत.

बारा व्होल्टची स्ट्रिप घ्या, मीटरला 120 एलईडीवाली, आणि ती बसवायला दुधी झाकणाचं ॲल्युमिनियम प्रोफाइल, म्हणजे पन्हाळीसारखी लांब खाच. लोहार चाळीत तयार मिळतं. सुटी स्ट्रिप, ड्रायव्हर (230 व्होल्टचे बारा करणारा डबा), कनेक्टर हवे असतील तर लॅमिंग्टन रोडला जा. प्रोफाइल वगळून पैसे वाचवू नका. ॲल्युमिनियम स्ट्रिपची उष्णता ओढून घेतं. आणि दुधी झाकण नसेल तर काळ्या ग्रॅनाइटच्या पॉलिशमध्ये एकेक ठिपका आरशासारखा दिसतो, तोही थेट डोळ्यांत. नुसत्या चिकटपट्टीवर लावलेल्या स्ट्रिपा तेलाच्या वाफेने आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने लोंबायला लागतात. मी अशा कितीतरी उतरवल्या आहेत.

जागा कुठली? बरेच जण कपाटाखाली अगदी मागे, डेडोला, म्हणजे ओट्यामागच्या टाइल्सना, लागून लावतात. तिथे टाइल्स छान उजळतात, फोटो छान येतो, आणि पाट तसाच राहतो. स्ट्रिप कपाटाच्या पुढच्या कडेला, फळीच्या आतल्या बाजूला लावा आणि तोंड किंचित भिंतीकडे तिरकं ठेवा. उजेड नेमका चिरण्याच्या जागेवर पडतो. जमिनीवर बसून विळीवर चिरणाऱ्या माणसाच्याही डोळ्यांत जात नाही.

माप घ्या. माझा ओट्याचा हा तुकडा पाच फूट, म्हणजे दीड मीटर. स्ट्रिप मीटरला 10 वॉट, तर 15 वॉट झाले. ड्रायव्हर 15चा घ्यायचा नाही, 24चा घ्यायचा. काठोकाठ चालणारा ड्रायव्हर तापतो, आणि तापलेल्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर लवकर मरतो. ढोबळ नियम असा, की दहा अंश जास्त तापमान म्हणजे आयुष्य निम्मं. एलईडी ‘गेला’ म्हणून लोक फेकतात, तेव्हा बहुतेक वेळा चिपा धडधाकट असतात आणि ड्रायव्हरच गेलेला असतो. म्हणून ड्रायव्हर शेगडीच्या आणि चिमणीच्या वाफेपासून लांब, कपाटाच्या माथ्यावर, हवा लागेल आणि हात पोचेल असा ठेवा. शेगडीच्या बरोबर वर स्ट्रिप नको. ओटा एल आकाराचा असेल तर दोन्ही तुकड्यांना ड्रायव्हरपासून वेगवेगळी वायर न्या, नाहीतर लांबचं टोक मंद पेटतं.

भोक पाडण्याआधी महानगर गॅसची पाइप कुठून गेली आहे ते बघा. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, भिंतीतली वायर बहुधा तिथूनच जाते.

स्ट्रिप कापणं, चिकटवणं, बारा व्होल्टची जोडणी, हे तुम्ही घरी करू शकता. कापताना फक्त कात्रीच्या खुणेवरच कापा. 230 व्होल्टची बाजू मात्र वायरमनकडून करून घ्या, आणि त्याने मेन बंद केलं का ते स्वतः बघा. तेव्हाच त्याला स्विच फेजवर आहे का तेही तपासायला सांगा. जुन्या चाळींत मला कितीदा न्यूट्रलवर स्विच सापडला आहे. मग दिवा बंद केला तरी होल्डरमध्ये करंट राहतो, आणि एलईडी रात्रभर अंधुक मिणमिणतो. लोकांना वाटतं दिवा खराब. दिवा बदलतात, तोही मिणमिणतो. स्विचमध्ये लाल इंडिकेटर असला तरी असंच होऊ शकतं. पण न्यूट्रलवरचा स्विच जिवावर बेतू शकतो, ओल्या हातांच्या खोलीत तर नक्कीच. बोर्डात अजून किटकॅट फ्यूज असतील तर याच खेपेला एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) बसवून घ्या. सजावटीच्या दिव्याआधी तो खर्च करा.

(मागची ट्यूब बंद करतो. स्ट्रिप लावतो.)

बघा. तोच पाट, तोच कांदा, मी तिथेच उभा आहे. सुरीची धार दिसते, बोटं दिसतात. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळट होतं, आणि तेवढ्याच उजेडात कमी दिसायला लागतं. जुलैत दिवसाही आभाळ भरून आलं की आई सुपात तांदूळ घेऊन गॅलरीत जायची, ओल्या कठड्यापाशी बसून खडे निवडायची. मला वाटायचं, तिला गप्पा मारायच्या असतात. स्ट्रिप लावल्यावर दुसऱ्या दिवशी तिने सूप ओट्यावरच ठेवलं.

(उतरवलेली ट्यूब उचलतो.)

ही जुनी ट्यूब राहिली. हिच्या आत पारा असतो, थोडासाच, पण असतो. कचऱ्याच्या डब्यात बसावी म्हणून फोडू नका. नव्या पट्टीच्या खोक्यात अख्खी घाला, वर ‘काच, पारा’ असं लिहा, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. मी माझ्या गिऱ्हाइकांच्या ट्यूब एकत्र साठवून देतो. तुमच्या वायरमनला विचारा, तोही नेईल.