१९०५ पासून ६१७४ पर्यंत

[पडद्यावर: कोरा कागद. पेन्सिल १, ९, ०, ५ असे अंक लिहिते.]

गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. आज त्या सालातले चार अंक घेऊन जरा खेळूया. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर नको.

हे अंक उतरत्या क्रमाने मांडा: ९५१०. मग चढत्या क्रमाने: ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा, ९३५१ आले. या उत्तराचेही अंक तसेच मांडा आणि पुन्हा वजाबाकी करा. ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. आता थांबू नका.

[पडद्यावर एकाखाली एक: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४]

सातव्या वजाबाकीला ६१७४ आले. आणखी एकदा करून बघा. ७६४१ वजा १४६७... पुन्हा ६१७४. गाडी इथून पुढे हलतच नाही.

कापरेकरांचं निधन १९८६ साली झालं. तेही साल घ्या. ९८६१ वजा १६८९, उत्तर ८१७२. ओळखीचं वाटतंय ना? जन्मसालाच्या वाटेवर दुसऱ्या पायरीला हीच संख्या भेटली होती. म्हणजे पुढची वाट तीच.

कोणतीही चार अंकी संख्या चालेल. अट एकच, चारही अंक सारखे नकोत, कारण ५५५५ मधून ५५५५ गेले की हाती शून्यच. आणि उत्तर ९९९ आलं तर ते ०९९९ लिहायचं. त्या शून्याला विसरलात की सगळा हिशेब फसतो. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

पुष्कळ ठिकाणी ही गंमत इथेच संपवतात. ‘आहे की नाही जादू!’ म्हणतात आणि पान उलटतात. मला ते पटत नाही. खरी मजा ‘का’ विचारल्यावर सुरू होते.

[पडद्यावर: ९ ५ १ ०. बाहेरच्या दोन अंकांना लाल कंस, मधल्या दोघांना निळा.]

उतरत्या क्रमातल्या बाहेरच्या दोन अंकांचा फरक बघा. नऊ आणि शून्य, फरक ९. मधल्या दोघांचा, पाच आणि एकचा, फरक ४. वजाबाकीत बाहेरचे अंक हजार आणि एकक या जागांची अदलाबदल करतात, म्हणून १००० वजा १, म्हणजे ९९९. मधले शतक आणि दशक यांची, म्हणून १०० वजा १०, म्हणजे ९०. आता ९ गुणिले ९९९ आणि ४ गुणिले ९० यांची बेरीज करा. ८९९१ अधिक ३६०, बरोबर ९३५१! वजाबाकी न करताच उत्तर मिळालं. म्हणजे मूळ अंक कोणते होते याला महत्त्व नाही, लागतात ते फक्त दोन फरक. बाहेरचा फरक १ ते ९ पैकी काहीही असू शकतो, आणि मधला त्याच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजा. बाहेरचा फरक १ असेल तर मधला ० किंवा १, म्हणजे दोन जोड्या; बाहेरचा २ असेल तर तीन. दोन अधिक तीन अधिक चार... असं दहापर्यंत. एकूण ५४.

चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या सोडल्या, तर चार अंकी संख्या उरतात ८९९१. पहिल्या वजाबाकीनंतर त्या सगळ्यांची मिळून उत्तरं फक्त ५४! तेवढी तर हातानेही तपासता येतात.

कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते. पदवी बी.एस्सी., पुढचं शिक्षण नाही. ६१७४ चा हा गुण त्यांना १९४६ मध्ये सापडला आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, आणि मग जगभर त्यांचं नाव झालं.

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी नाव दिलं ‘हर्षद’. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. भागून बघा. ३४३ येतात, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. ६१७४ हीसुद्धा हर्षदच!

[पडद्यावर: पत्राचं पाकीट, त्यावर पिनकोडच्या सहा चौकटी]

तीन अंकी संख्या घेतलीत तर मुक्काम ४९५. दोन अंकी मात्र कुठेच टिकत नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ अशी गोल फिरत राहते. सहा अंकांत दोन्ही प्रकार आहेत. काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि उरलेल्या सात संख्यांच्या एका चक्रात अडकतात. नाशिकचा पिनकोड ४२२००१ पहिल्याच वजाबाकीत त्या चक्रात शिरतो, ४२०८७६ वर. देवळाली कॅम्पचा ४२२४०१ चौथ्या वजाबाकीला तिथेच पोहोचतो.

तुमचा पिनकोड कुठे जातो?