बातमी कुणाच्या फायद्याची?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या राजापुरात पूर्वी मुंबईचा पेपर दुपारच्या एसटीने यायचा. गठ्ठा सुटायच्या आधीच स्टॅण्डवर चार माणसं ताटकळत असत. त्यांतले एक म्हातारे मास्तर आम्हा पोरांना बजावायचे, "बातमी वाचलीस ना? आता बघ, ती कुणाच्या फायद्याची." आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या पत्रकार कुलदीप नय्यर यांना या प्रश्नाचा चटका फार लवकर बसला.

जन्म 1923 चा, सियालकोटचा. लाहोरला वकिली शिकले आणि फाळणीच्या लोंढ्यात दिल्लीला आले. पहिली नोकरी 'अंजाम' नावाच्या उर्दू दैनिकात. अंजाम म्हणजे शेवट. कारकिर्दीची सुरुवात तिथून! पुढे अमेरिकेत पत्रकारिता शिकून आले, सरकारी नोकरीत शिरले, आणि गोविंद वल्लभ पंत व लालबहादूर शास्त्री या दोन गृहमंत्र्यांचे माहिती अधिकारी झाले. मंत्र्याच्या दाराच्या आत काय शिजतं ते तिथे कळलं. मग यूएनआय या वृत्तसंस्थेत गेले.

मे 1964. नेहरू गेले. नय्यर यांनी बातमी दिली, की मोरारजी देसाई पंतप्रधानपदाच्या शर्यतीत उतरले आहेत आणि शास्त्रीजी मात्र फारसे उत्सुक नाहीत. नेहरूंच्या चितेची राख निवते न निवते तोच हा माणूस खुर्चीकडे धावला, असा अर्थ लोकांनी काढला. मोरारजींची बाजू ढासळली. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांनी नंतर आपले आभार मानले, असं नय्यर यांनीच लिहून ठेवलंय. शास्त्रीजींचा जुना माहिती अधिकारी, आणि बातमी शास्त्रीजींच्या पथ्यावर पडणारी! मोरारजींच्या गोटाने त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. मला विचाराल तर बातमी खोटी नव्हती. पण स्टॅण्डवरच्या मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलंच असतं.

दोन वर्षांनी, जानेवारी 1966 मध्ये, ते पंतप्रधान झालेल्या शास्त्रीजींबरोबर ताश्कंदला होते. रात्री दार ठोठावलं गेलं, शास्त्रीजी गेले होते. धावत त्यांच्या खोलीत गेले. अवाढव्य पलंगावर लहानखुरा देह, गालिच्यावर नीट जोडून ठेवलेल्या चपला, आणि टेबलावर कलंडलेला थर्मास. पाण्यासाठी हात पुढे गेला असावा. हे वर्णन मी कितीदा वाचलं असेल, पण मला दरवेळी आधी त्या चपलाच दिसतात.

1975 ला आणीबाणी आली. सेन्सॉरशिपविरुद्ध दिल्लीतल्या पत्रकारांना त्यांनी एकत्र केलं, आणि जुलैत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबणाऱ्या कायद्याखाली, तिहार तुरुंगात गेले. पत्नी भारती यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. निकालाच्या तोंडावर सरकारने त्यांना सोडून दिलं. तरी न्यायमूर्ती रंगराजन आणि अग्रवाल यांनी निकाल दिलाच, अटक बेकायदा! मग रंगराजन यांची बदली गुवाहाटीला, आणि अग्रवाल पुन्हा सत्र न्यायालयात. किंमत दुसऱ्यांनीच मोजली.

त्याच काळात आपले राजापूरचे खासदार मधू दंडवतेही बंगळूरच्या तुरुंगात होते. 1990 साली दंडवते देशाचे अर्थमंत्री होते, आणि त्याच व्ही. पी. सिंग सरकारने नय्यर यांना लंडनला उच्चायुक्त म्हणून पाठवलं. चौऱ्याऐंशीची सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई आणि शीखविरोधी दंगली यांनी दुखावलेल्या तिथल्या शीख मंडळींसाठी त्यांनी इंडिया हाऊसचे दरवाजे उघडले. पण सरकार वर्षभरही टिकलं नाही, आणि तेही परतले. 1997 ला राज्यसभेवर नेमणूक झाली, सहा वर्षं राहिले. पुढे राज्यसभेच्या उमेदवाराला, ज्या राज्यातून उभा राहील त्याच राज्याचा मतदार असण्याची अट काढून टाकली, तेव्हा हे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2006 ला हरले.

त्यांना खरं ओळखलं जातं ते भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी वाघा सीमेवर लावलेल्या मेणबत्त्यांसाठी. 14 ऑगस्टच्या मध्यरात्री ते तिथे जात. लोक हसत, भाबडा म्हणत, काही याहून वाईट बोलत. ती टीका सगळीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

आपल्याला वाघा दूर वाटतो. पण डहाणू-तलासरीकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, समुद्रात न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून धरली जातात, आणि कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. पेपरात ती बातमी आतल्या पानावर, चार ओळींची असते. आणि तिकडच्या पाड्यांवर, आपल्या माणसाचं नाव त्यात आहे का, एवढंच आधी विचारतात.

नमस्कार.