हिवाळ्यातली बंद खोली आणि नडगीवरची पांढरी रेघ

हे बघा, नडगीवरनं नख हलकंसं ओढलं आणि पांढरी रेघ उठली, पाटीवर पेन्सिलीनं ओढावी तशी. लहानपणी थंडीत आम्ही हातावर अशी नावं लिहायचो, आणि मग थुंकी लावून पुसायचो की परत दुसरं नाव. आता कॅमेरा जरा आणखी जवळ नेऊया. दिसतंय? मेलेल्या पेशींचे कोपरे सुटलेत, जुन्या भिंतीच्या रंगाला पोपडे येतात ना अगदी तसे, नखानं ते नुसते उचकटले, खाली हवा शिरली आणि उजेड तिथनंच परत फिरला, म्हणून ती रेघ पांढरी.

सगळे म्हणतात थंडीनं अंग उललं. खरंय, पण अर्धंच. थंडी बाहेर असते आणि आपण बराच वेळ असतो आत, दारं-खिडक्या लावून, हीटर लावून. त्यामुळे या व्हिडिओत मी आधी खोली बघणारे, कातडीकडे नंतर येते.

टेबलावर हा जो छोटासा डबा दिसतोय तो हायग्रोमीटर, हवेतली आर्द्रता मोजतो, म्हणजे हवेत जेवढी वाफ मावेल त्यातली किती टक्के आहे ते. आत्ता खोलीत १४ अंश आहे आणि आर्द्रता ५८ टक्के. हीटर लावला. दीडेक तासानं बघते तर २३ अंश, छान ऊब आलीय, आणि आर्द्रता? ३४ टक्के. खिडकी बंद, दार बंद, मग पाणी गेलं कुठं? बरेच जण म्हणतात की हीटर हवेतलं पाणी जाळतो. नाही हो, पाणी जळत नाही. खोलीतल्या हवेत तेव्हाही घनमीटरला साधारण ७ ग्रॅम वाफ होती आणि आत्ताही तेवढीच आहे, बदललीय ती हवेची तहान. गार हवेत वाफ कमी मावते आणि गरम हवेत खूप जास्त, म्हणजे ० अंशाला घनमीटरभर हवेत जेमतेम ५ ग्रॅम, २० अंशाला १७ आणि ३० अंशाला तब्बल ३०. भांडं मोठं झालं आणि पाणी तेवढंच राहिलं, तर ते तळालाच दिसणार ना.

म्हणूनच बाहेर ० अंशाला धुकं पडलंय, हवा १०० टक्के ओली आहे, सगळं चिंब, आणि तीच हवा दाराच्या फटीतनं आत येऊन २० अंशापर्यंत तापली की तिची आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. धुक्यातली हवा आत येऊन कोरडी ठणठणीत होते. रात्री स्वेटर काढताना तडतड आवाज येतो, अंधारात ठिणग्या दिसतात, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो, ते सगळं या कोरडेपणाचंच काम.

आता ही तहानलेली हवा पाणी शोधते. तुमच्या नाकातनं घेते, घशातनं घेते, डोळ्यांतनं घेते, आणि कातडीतनं तर दिवसरात्र.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याच्या दुप्पट, वहीच्या पानापेक्षाही पातळ. त्यात मेलेल्या पेशींचे १५-२० पदर. डॉक्टर लोक त्याला विटांच्या भिंतीची उपमा देतात, पेशी म्हणजे विटा आणि मधलं सिमेंट म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड्स, म्हणजे थोडक्यात चरबीच. ही भिंत पाणी आत धरून ठेवते पण पूर्ण नाही, घाम अजिबात आला नाही तरी दिवसाला ३००-४०० मिलिलिटर पाणी आपल्या अंगावरनं नुसतं उडून जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. हवा जितकी कोरडी तितकी ही ओढ जास्त.

आणि इथं एक गोष्ट मला फार आवडते, म्हणजे आवडते काय, पहिल्यांदा कळली तेव्हा मी थक्क झाले. मेलेल्या पेशी रोजच्या रोज गळत असतात, पण एकेकट्या, त्यामुळे दिसत नाहीत. त्यांना एकमेकींपासून सोडवायचं काम काही एन्झाइम करतात आणि त्या एन्झाइमना काम करायला पाणी लागतं. पाणी आटलं की ते संपावर! मग पेशी सुट्या होत नाहीत, गठ्ठ्यानं अडकून राहतात आणि गठ्ठ्यानंच पडतात. काळे मोजे उलटे करून झटकले की जो पांढरा भुगा उडतो तो हाच. तेव्हा खसाखसा घासून, स्क्रब लावून ते पोपडे काढायचा मोह होतो, मलाही होतो, पण त्यानं भिंत अजून उसवते. पोपड्यांना पाणी द्या, ते आपापले सुटतात.

फिलाडेल्फियातले त्वचेचे डॉक्टर लुई ड्युरिंग यांनी १८७४ मध्ये थंडीतल्या खाजेवर लेख लिहिला आणि तिला नावही दिलं, प्रुरायटस हायमॅलिस. पुरळ नाही, गांधी नाहीत, आणि तरी खाज, विशेषतः पायांवर, रात्री कपडे बदलायच्या वेळी हमखास. दीडशे वर्षं झाली, अजून तस्संच. वयस्कर माणसांना जास्त होतं कारण त्यांच्या कातडीतलं तेल आधीच कमी झालेलं असतं, नडगीवर मग वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक बारीक भेगा दिसायला लागतात. आज्जी रात्रभर पाय खाजवत बसलीय आणि घरातले म्हणतायत वयामुळे होतं गं, असं करू नका. साधं मलम, खोलीची हवा आणि आंघोळीची पद्धत एवढ्यानं बऱ्याच जणांना आराम पडतो, आणि नाहीच पडला, किंवा चिरा लाल होऊन पाणी यायला लागलं, किंवा सगळ्या अंगालाच खाज आहे, तर डॉक्टरकडे न्या, कारण खाजेमागं कधीकधी थायरॉइड, किडनी, लिव्हर असलं काहीतरी निघतं.

आंघोळ. इथं मला माहितीय की कुणीच ऐकणार नाही. थंडीत कढत पाण्याखाली उभं राहण्याचं सुख मी जाणते, बाहेर यावंसंच वाटत नाही, पण विटांमधलं ते सिमेंट चरबीचं आहे आणि तुपकट भांडं गरम पाण्यानं आणि साबणानं कसं लख्ख निघतं ते आपण रोज बघतो. कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच ५ च्या आसपास, आणि नेहमीच्या साबणाचा ९-१०, म्हणजे उलटा, अल्कधर्मी, तो कातडीला मानवत नाही. म्हणून कोमट पाणी, ५ ते १० मिनिटं, साबण फक्त काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच, हातापायांना रोज फेस काढायची गरज नाही, ते काही चिखलात लोळून आलेले नसतात.

आणि मग पुढची ३ मिनिटं. टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, अंग थोडं ओलसर असतानाच, बाथरूमचं दार बंद असतानाच, त्या वाफेतच मलम लावून टाकायचं. कपडे घालून, केस पुसून, फोन बघून मग लावलं तर जे पाणी आत कोंडायचं होतं ते उडून गेलेलं असतं. माझं मत विचाराल तर कुठली बाटली यापेक्षा कुठल्या मिनिटाला, याला जास्त किंमत आहे.

तरी बाटलीचं थोडं सांगते, कारण पाठीमागची यादी वाचून डोकं फिरतं. ग्लिसरीन, युरिया, हायलुरोनिक ॲसिड हे पाणी धरून ठेवणारे. पेट्रोलियम जेली, लॅनोलिन ही झाकणं. पेट्रोलियम जेली तर झाकणांची राणी, कातडीतनं उडणारं पाणी ती ९८ टक्क्यांपर्यंत अडवू शकते. तिची गोष्टही मजेशीर आहे, रॉबर्ट चीझब्रो नावाचा तरुण केमिस्ट १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरी बघायला गेला, तिथं पंपाच्या दांड्यांवर एक मेणचट काळपट थर जमायचा, कामगार वैतागायचे पण कापलं-भाजलं की तोच चोपडायचे, यानं तो नेऊन शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं, व्हॅसलीन. फक्त एक लक्षात ठेवा, झाकण पाणी देत नाही, आहे ते राखतं. कोरड्या ठणठणीत पायावर नुसती जेली चोपडली तर पाय चकचकीत दिसेल, बस. लोशन पातळ असतं, त्यात पाणी जास्त, उन्हाळ्यात चालेल, थंडीत घट्ट क्रीम किंवा मलम बरं, आणि कातडी कुरकुरत असेल तर सुगंधी काहीही नको.

ओठांचं पटकन. चाटू नका. थुंकी वाळते आणि वाळताना ओठांचं पाणीही घेऊन जाते, वर तिच्यातले पाचक रस ओठांना झोंबतात. संपलं.

आता परत खोलीत.

आर्द्रता ३४ दिसली की लगेच ह्युमिडिफायर आणावासा वाटतो. मी आणला. अल्ट्रासॉनिक, सुंदर धुकं सोडायचा, निळा दिवा वगैरे. आठवड्यात माझ्या काळ्या टेबलावर पीठ चाळल्यासारखी पांढरी धूळ बसायला लागली, पुसली की संध्याकाळी परत, मला वाटलं छताचा चुना पडतोय. तर ते होते नळाच्या पाण्यातले क्षार. हे यंत्र पाण्याची वाफ करत नाही, पाणीच बारीक तुषार करून उडवतं, म्हणजे पाण्यात जे आहे ते सगळं हवेत, आणि मग तुमच्या फुफ्फुसात. त्याहून वाईट म्हणजे तीन आठवड्यांनी टाकीत बोट घातलं तर बुळबुळीत लागलं. तीन आठवडे मी ते बुळबुळीत श्वासात घेत होते! म्हणून डिस्टिल्ड पाणी घाला, रोज टाकी रिकामी करून वाळवा, दर तिसऱ्या दिवशी घासा. एवढं जमणार नसेल तर न आणलेला बरा, त्यापेक्षा कपडे खोलीत वाळत घाला, एका मशीनच्या धुण्यातनं दोनेक लिटर पाणी हवेत जातं.

पण तेही बेतानं हं. आर्द्रता ३० ते ५० टक्के एवढी पुरे. त्याच्या वर गेलात की धुळीतले किडे खूश, आणि खिडकीच्या काचेवर थेंब जमायला लागले की समजा पाणी जास्त झालं. कपाट जरा भिंतीपासून ओढून मागं बघा, बाहेरच्या बाजूची भिंत असेल तर जास्तच, काळे ठिपके दिसले का? बुरशी. कातडीला पाणी द्यायच्या नादात दमा घरात आणायचा नाही.

मग खिडकी उघडायची का? बंद खोलीत काय साठतं ते बघा. ३० घनमीटरची खोली, दोन माणसं झोपलेली, पूर्ण बंद असेल तर कार्बन डायऑक्साइड तासाला साधारण ८०० पीपीएमनं चढतो, पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. बाहेर तो असतो ४२० च्या आसपास. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की खोलीत हजाराच्या वर गेला तर हवा कोंदट समजावी. सकाळी डोकं जड वाटतं त्यात याचाही हात असतो. रात्रभर बोटभर फट ठेवण्यापेक्षा ५-१० मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, हवा बदलते आणि भिंती, पलंग, कपाट यांनी धरलेली ऊब तशीच राहते, बंद केल्यावर खोली लवकर तापते.

वेळ मात्र बघून. थंडीच्या रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड, वर ऊबदार हवेचं झाकण, त्यामुळे धूर वर जाऊच शकत नाही, तुमच्या खिडकीच्या उंचीलाच रेंगाळतो. ज्याला आपण मस्त धुकं म्हणतो त्यात बऱ्याचदा धूर असतो. ऊन चढलं की झाकण फुटतं, तेव्हा दुपार चांगली. बाहेर फारच खराब असेल तर हेपा फिल्टरचा प्युरिफायर कामाचा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतो, पण कार्बन डायऑक्साइड तो काढत नाही. कुंड्यांतल्या रोपांवरही हवा शुद्ध करायची भिस्त ठेवू नका. रोपं हवेतली बेंझीनसारखी रसायनं शोषतात असं सांगणारा नासाचा १९८९ चा तो प्रसिद्ध अभ्यास छोट्या हवाबंद पेटीतला होता, २०१९ मध्ये संशोधकांनी हिशोब मांडला तर ती रसायनं काढायचं खिडकीएवढं काम करायला जमिनीच्या चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील असं निघालं. घर कुठलं, जंगलच. रोपं ठेवा, दिसतात छान.

आता एकच गोष्ट गंभीरपणे. कोळशाची शेगडी, रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर, जे काही जळतं ते बंद खोलीत ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, तर तो फ्लू नाही, लगेच बाहेर पडा आणि मदतीला फोन करा. प्युरिफायर इथंही काही कामाचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, लावून घ्या.

टाचा राहिल्या. तळव्यांना तेलाच्या ग्रंथीच नसतात आणि कातडी जाड, म्हणून तिथं भेगा पडतात आणि खोल पडतात. १० ते २५ टक्के युरियाचं क्रीम, कोमट पाण्यात पाय बुडवून, टिपून, वर जेली आणि सुती मोजे. लगेच फरक दिसणार नाही, कातडीचा वरचा थर बदलायलाच दोनेक आठवडे लागतात, टाचेला त्याहून जास्त. डायबेटिस असेल तर भेगा स्वतः खरवडत बसू नका. आणि ते मलमानं माखलेले मोजे घालून शेगडीशी पाय शेकत बसू नका, असं कापड भराभर पेटतं. शिवाय रात्री पाणी प्यायला उठलात तर जपून, खाली गुळगुळीत फरशी असते, मी एकदा पलंगापासनं फ्रिजपर्यंत स्केटिंग करत गेलेय.