जिनिव्हाचा निकाल आणि आपल्या उसाचा दर

नमस्कार श्रोतेहो. एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, हे ऊस पिकवणाऱ्यांना सांगायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने, म्हणजे तंटा ऐकणाऱ्या समितीने, या एफआरपीवरच बोट ठेवलं. तक्रारदार होते ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला. पॅनेलचं म्हणणं असं, की २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत ऊस उत्पादकांना दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला. भारताने सांगितलं, पैसे कारखाने देतात, सरकार नाही. ते मान्य झालं नाही. दर सरकारने ठरवला, म्हणजे आधार सरकारचाच. आणि हा आधार मोजायचा कसा? १९८६ ते ८८ चा दर पायाला धरून! तेव्हाच्या मापाने आजचा ऊस मोजणं हा शेतकऱ्यावर सरळसरळ अन्याय आहे, आणि तो नियम बदललाच पाहिजे.

मग आता उसाचा दर जिनिव्हात ठरणार का? नाही. पुन्हा सांगतो, नाही. ही संघटना कुठल्याही देशाचा कायदा रद्द करू शकत नाही. ती कायदा बदला म्हणते. नाही बदलला, तर जिंकलेल्या देशाला ठरावीक रकमेपर्यंत आपल्या सवलती काढून घेता येतात, म्हणजे आयातशुल्क वाढवता येतं. कायदा आपला, पण त्याची किंमत मोजावी लागते.

ती कुणाला किती जड जाते, हे अँटिगाने दाखवलं. अँटिगा म्हणजे व्हिव्ह रिचर्ड्सचं बेट. अँटिगा आणि बार्बुडा मिळून लोकसंख्या लाखाच्या आत. तिथे इंटरनेटवरच्या जुगाराचा धंदा उभा राहिला, गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतलं. अमेरिकेने आपल्या कायद्यांनी तो अडवला. २००३ मध्ये या चिमुकल्या देशाने थेट अमेरिकेवर तक्रार गुदरली! सेवाक्षेत्र खुलं करताना अमेरिकेने यादीत लिहून दिलं होतं, 'खेळ वगळता इतर मनोरंजन सेवा'. त्यात जुगार येतो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. निकाल लागला, की येतो. अमेरिकेने सार्वजनिक नीतिमत्तेचा आधार घेतला. एप्रिल २००५ मध्ये संघटनेचं अपिलीय मंडळ, म्हणजे पॅनेलच्या निकालावरचं अपील ऐकणारं मंडळ, म्हणालं, नीतिमत्ता जपायचा हक्क तुम्हाला आहेच. पण घरच्या कंपन्यांना घोड्यांच्या शर्यतीवर दूरस्थ पैजा घेऊ देता आणि बाहेरच्यांना नाही, हा दुजाभाव चालणार नाही.

तरी अमेरिकेने कायदा बदलला नाही. अँटिगाने वर्षाला ३४४ कोटी डॉलर मागितले, लवादाने डिसेंबर २००७ मध्ये २ कोटी १० लाख ठरवले. पण वसूल करायचे कसे? अमेरिकन मालावर शुल्क वाढवलं, तर महागाई अँटिगाच्याच घरात. म्हणून तेवढ्या रकमेपुरतं अमेरिकेचं कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचं संरक्षण काढून घ्यायची मुभा दिली. औपचारिक मंजुरी यायला जानेवारी २०१३ उजाडलं. खटला अँटिगाने जिंकला, पण अमेरिकेचा कायदा जागचा हलला नाही.

आता आपल्या साखरेचं. अपिलीय मंडळ सात जणांचं, एका अपिलाला तीन लागतात. अमेरिकेने नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर २०१९ पासून तिथे तिघेही उरले नाहीत. भारताने जानेवारी २०२२ मध्ये तिथेच अपील केलं. अपील पडून आहे तोवर निकाल मंजूर होत नाही, आणि मंजूर नसलेला निकाल बंधनकारक नाही. आज आपली सोय झाली, हे खरं. पण उद्या तक्रारदार आपण असलो, तर समोरचाही हीच वाट धरेल. ते मंडळ पुन्हा भरलं पाहिजे, आणि भारताने त्यासाठी जोर लावला पाहिजे.

तोवर दर दिल्लीतच ठरतो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये. ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हा नियमही इथलाच. ते व्याज कुणी सहसा मागत नाही. ते मागावं, पुण्याला साखर आयुक्तांकडे लेखी मागावं.