व्हाइट हाउसवरून जरा नजर हटवा

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुका: आरंभापासून आजपर्यंत'. एका तासात आरंभसुद्धा होत नाही हे संयोजकांनाही ठाऊक आहे आणि मलाही. माझं म्हणणं तसं छोटंच आहे. दर चार वर्षांनी नोव्हेंबरात आपल्याकडे दूध आणायला गेलेला माणूससुद्धा अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पेन्सिल्व्हेनियात काय झालं ते सांगतो. त्याच दिवशी तिथे काँग्रेससाठी, म्हणजे त्यांच्या संसदेसाठी, प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या 435 आणि सिनेटच्या एक तृतीयांश जागांसाठी मतदान असतं, त्यात काय झालं ते विचारा. गप्प. मधल्या दोन वर्षांनी होणाऱ्या निवडणुकीला तर आपल्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी. (ती ठरलेल्या वेळीच होते बरं का, सरकार पडलं म्हणून नव्हे.) राष्ट्राध्यक्षाचं पुढे काय होणार, हे बऱ्याचदा त्या चार ओळींतच असतं.

उदाहरण म्हणून 1876 ची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक घेतो. हसताय, म्हणजे काहींनी हे माझ्याकडून आधी ऐकलंय. परत ऐका.

रिपब्लिकन उमेदवार ओहायोचे गव्हर्नर रदरफर्ड हेज, डेमोक्रॅटिक उमेदवार न्यूयॉर्कचे गव्हर्नर सॅम्युएल टिल्डन. टिल्डन मोठा वकील, न्यूयॉर्कचा पुढारी ट्वीड याच्या भ्रष्ट टोळीचं पितळ उघडं पाडून नावारूपाला आलेला. त्याला देशभरात सुमारे अडीच लाख मतं जास्त पडली. आपण हरलो असं धरून हेज झोपायला गेला. इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्याराज्यांच्या इलेक्टरांची मतं, मात्र टिल्डनची 184, हेजची 165, आणि जिंकायला हवीत 185. उरलेली 20 वादात. फ्लोरिडाची 4, लुइझियानाची 8, साउथ कॅरोलायनाची 7 आणि ओरेगॉनचं एक.

त्या एकाची गंमत ऐका. ओरेगॉनात हेज जिंकला होता, पण त्याच्या तीन इलेक्टरांपैकी एक निघाला पोस्टमास्तर. सरकारी पगार घेणाऱ्याला इलेक्टर होता येत नाही, असं राज्यघटना सांगते. गव्हर्नर डेमोक्रॅट. त्याने पोस्टमास्तर बाद केला आणि आपला माणूस बसवला. टिल्डनला हवं होतं ते नेमकं एकच मत!

दक्षिणेतल्या तीन राज्यांत मात्र गंमत नव्हती. तिथे रिपब्लिकनांकडे झुकलेल्या काळ्या मतदारांना बंदुकीच्या धाकाने घरी बसवलं होतं, आणि मतपडताळणी मंडळं रिपब्लिकनांच्या हातात, त्यांनी टिल्डनची हजारो मतं रद्द केली. तेव्हा टिल्डनवर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, त्या बंदुका नसत्या तर त्याची अडीच लाखांची आघाडी किती उरली असती? हेजच्या भक्तांसाठीही प्रश्न आहे. कोलोरॅडो ऑगस्ट 1876 मध्ये राज्य झालं. मतदान घ्यायला वेळ नाही म्हणून तिथल्या विधिमंडळानेच तीन इलेक्टर निवडले. तिन्ही हेजचे. ते राज्य दोन-चार महिने उशिरा झालं असतं, तर एकूण मतं 366, बहुमत 184, आणि टिल्डन राष्ट्राध्यक्ष.

आता काँग्रेसकडे येतो. आलो की नाही? घटना म्हणते, सिनेटचा अध्यक्ष दोन्ही सभागृहांसमोर राज्यांकडून आलेली इलेक्टोरल मतांची प्रमाणपत्रं उघडेल आणि मग मतं मोजली जातील. कोणी मोजायची? ते लिहिलेलंच नाही! आपल्याकडे सोसायटीच्या उपविधीतसुद्धा एवढं लिहितात. आणि दक्षिणेतल्या राज्यांतून तर दोन-दोन प्रमाणपत्रं आलेली. सिनेटच्या अध्यक्षाने मोजली असती तर हेज आला असता, कारण सिनेट रिपब्लिकन. बहुमत कोणालाच नाही असं ठरून प्रश्न प्रतिनिधिगृहात गेला असता तर टिल्डन, कारण ते सभागृह डेमोक्रॅटिक. ते डेमोक्रॅटिक का? 1873 मध्ये जे कूक नावाच्या सावकाराची बँक बुडाली, मंदी आली, कामं गेली, आणि चिडलेल्या मतदारांनी 1874 मध्ये यादवी युद्धानंतर पहिल्यांदाच ते सभागृह डेमोक्रॅटांना दिलं. आपली ती चार ओळींची बातमी. ती नसती तर टिल्डनसाठी भांडायला सभागृहच उरलं नसतं.

मग तोड काढली. पंधरा जणांचा आयोग, पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायाधीश. सात इकडचे, सात तिकडचे, आणि पंधरावे अपक्ष म्हणून न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस येणार असा सगळ्यांचा हिशोब. डेव्हिस दोन्ही अर्थांनी वजनदार गृहस्थ. 1860 मध्ये लिंकनच्या उमेदवारीसाठी शिकागोत यांनीच खटपट केलेली. पण सिनेटर तेव्हा विधिमंडळं निवडत, थेट मतदान 1913 नंतरचं. इलिनॉयच्या विधिमंडळात डेमोक्रॅटांनी उत्साहाच्या भरात अपक्षांबरोबर डेव्हिसलाच सिनेटर करून टाकलं. आता हा आपलाच! डेव्हिस म्हणाले, धन्यवाद, मग मी आयोगावर नाही. त्यांच्या जागी आले रिपब्लिकन न्यायाधीश ब्रॅडली. वीसच्या वीस मतं हेजला, प्रत्येक वेळी 8 विरुद्ध 7. 2 मार्च 1877 च्या पहाटे निकाल लागला तेव्हा हेज वॉशिंग्टनच्या गाडीत होता, तार हॅरिसबर्गजवळ मिळाली. विरोधकांनी रदरफर्डचं रदरफ्रॉड केलं. एप्रिलमध्ये दक्षिणेतल्या राज्यभवनांपासून केंद्राचं सैन्य हटलं, आणि तिथल्या काळ्या नागरिकांचा मताधिकार पुढची अनेक दशकं कागदावरच राहिला. त्या सगळ्या तोडीची किंमत त्यांनी मोजली.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' बरं. जे सांगायला आलो होतो ते आता पळत सांगतो.

1824. अँड्र्यू जॅक्सन 99 इलेक्टोरल मतं घेऊन पुढे, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स 84. बहुमत कोणालाच नाही, म्हणून प्रश्न प्रतिनिधिगृहात. तिथे अशा वेळी एका राज्याला एक मत, आणि 24 पैकी 13 राज्यांनी अ‍ॅडम्स निवडला. सभापती हेन्री क्ले स्वतः चौथा आलेला उमेदवार, त्याने अ‍ॅडम्सला बळ दिलं आणि पुढे तोच परराष्ट्रमंत्री झाला. जॅक्सनने त्यावर चार वर्षं रान उठवलं आणि 1828 जिंकली.

1948. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन खरा लढला तो रिपब्लिकन उमेदवार ड्यूईशी नाही, 1946 मध्ये निवडून आलेल्या रिपब्लिकन काँग्रेसशी. ही काँग्रेस काही करत नाही, असं आगगाडीतून गावोगाव सांगत फिरला. 303 इलेक्टोरल मतं घेऊन जिंकला आणि दोन्ही सभागृहंही डेमोक्रॅटांकडे परत आणली.

1994. चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे गेलं, सभापती टॉम फोली स्वतःच्या मतदारसंघात पडले. दोन वर्षांनी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आरामात जिंकला, सभागृह मात्र रिपब्लिकनच राहिलं, आणि 1998 मध्ये त्याच्यावर महाभियोग आणला तो त्याच सभागृहाने. नुसतं 1996 वाचून 1998 कळत नाही.

आणि आपली माणसं कुठे दिसतात? काँग्रेसमध्येच. 1956 मध्ये कॅलिफोर्नियातून दलीपसिंग सौंद आले, प्रसिद्ध वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांना हरवून. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाच्या प्राथमिक फेरीतच तिसरे आले, 2020 मध्ये राज्याच्या सभागृहात गेले, 2022 मध्ये डेट्रॉइटमधून प्रतिनिधिगृहात. तिथली मुदत दोनच वर्षांची, म्हणून 2024 मध्ये पुन्हा मतदारांपुढे उभे राहून निवडून आले.

आता प्रश्न विचारा. 1876 सोडून.