शिरोरेखेवरचा ठिपका

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेची स्मरणिका, मंडळाचा दिवाळी अंक, आजोबांच्या आठवणींचं छोटंसं पुस्तक. असं काही छापायला मंडळी येतात, पेनड्राइव्ह पुढे करतात आणि म्हणतात, "सगळं तयार आहे, फक्त छापायचंय." आलेली फाइल प्लेटवर, म्हणजे ज्या पत्र्यावरून छपाई होते त्यावर, जाण्याआधी तपासणं हे माझं काम. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते. कितीतरी लोकांनी महिनोन्‌महिने जीव ओतून केलेला मजकूर शेवटच्या दोन दिवसांच्या घाईत बिघडलेला मी पाहिला आहे. म्हणून आज बोलायचं आहे ते छपाईला द्यायची फाइल कशी तयार करावी यावर.

आधी कटिंगचं बोलू. कागद छापून झाल्यावर कापला जातो. पातं मोठ्या थप्पीवर एकदम उतरतं आणि थप्पी थोडी तरी सरकतेच. मुखपृष्ठाचा रंग तुम्ही नेमका कडेपर्यंतच आणला असेल, तर काही प्रतींना कडेला पांढरी रेघ येणार. त्यासाठी रंग किंवा चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढायचं. याला आम्ही ब्लीड म्हणतो. ए-फाइव्ह पुस्तक १४८ बाय २१० मिलिमीटरचं, तर मुखपृष्ठाची फाइल १५४ बाय २१६ ची हवी. मजकूर मात्र कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत, आणि बाइंडिंगच्या बाजूला त्याहून जास्त.

फोटोंच्या बाबतीत माझी कळकळीची विनंती आहे. आजोबांचा फोटो भिंतीवरच्या फ्रेमच्या काचेतून मोबाइलवर काढू नका. फ्रेम उघडा, फोटो बाहेर काढा, स्कॅन करा. छापायच्या मापात इंचाला ३०० पिक्सेल लागतात. फोटो दुप्पट मोठा छापायचा असेल तर ६०० वर स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेतच बारीक होतो. आणि लहान फोटोचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये ३०० करून काही साधत नाही. डोळ्यांतली जी चमक मूळ फोटोत उतरलीच नाही, ती कुठून येणार?

रंगाचं थोडक्यात. मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद चार शायांनी. पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा झेंडूचा केशरी शाईत थोडा मावळतोच. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या रंगपद्धतीत, घेऊन तो रंग आधीच पाहून ठेवा.

आता ज्यासाठी मी मुख्यतः बोलायला आले, ते म्हणजे आपली अक्षरं.

बारीक मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचाच असला पाहिजे. आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतली फाइल बदलून घेतली की बहुतेक वेळा तोच काळा चारही शायांचा होतो. चार प्लेटा एकीवर एक बसताना केसभर फरक पडला, तरी शिरोरेखेला गुलाबी नाहीतर निळी सावली येते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर धोका आणखी मोठा. शाई कागदावर थोडी पसरते आणि पहिला बळी जातो अनुस्वाराचा. "मंद"चं "मद" होतं. रोमन लिपीला बहुतांश अक्षरांच्या डोक्यावर काही सांभाळावं लागत नाही. आपल्याला रफार, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळंच सांभाळायचं असतं. अशा जागी फाँट ठळक घ्या आणि १० पॉइंटांच्या खाली जाऊ नका.

जुन्या मराठी फाँटांमध्ये अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फाँट आमच्या संगणकात नसला की पानभर अगम्य रोमन चिन्हं उमटतात. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर रफार आणि अर्धा र डोळ्यांत तेल घालून तपासा. "सह्याद्रीच्या दऱ्या" लिहिलेलं असतं आणि पानावर "दर्या" येतो. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्यासारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडलेला नसेल तर "प्रिय"चा पाय मोडतो आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते. पीडीएफ करताना फाँट आत घालून द्या. मुखपृष्ठाची अक्षरं आउटलाइन केलीत, म्हणजे त्यांचं चित्र करून टाकलंत, तरी चालेल, पण मुद्रितशोधन संपल्यावरच, आणि मूळ फाइल वेगळी ठेवून. आउटलाइन झालेल्या शब्दातला ऱ्हस्व-दीर्घ नंतर बदलता येत नाही.

एका स्मरणिकेचा प्रसंग मी विसरू शकत नाही. मुखपृष्ठावर गडद निळ्यावर संस्थापकांचं नाव पांढऱ्या अक्षरांत होतं. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. छापून आलं तर नाव नाहीच, नुसता निळा. त्या पांढऱ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न काढता त्याच्यावरच छापण्याची खूण, लागलेलं होतं. पांढरी शाई नसतेच. तिथे निळा मोकळा सोडायचा असतो, आणि ओव्हरप्रिंटने तो सोडला नाही. फाइल मीच तपासली होती. मुखपृष्ठं पुन्हा छापली, पण संस्थापकांच्या घरची माणसं पहिले गठ्ठे घ्यायला दारात उभी होती. त्यांचे चेहरे आजही डोळ्यांपुढे येतात. तेव्हापासून अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडून चारही प्लेटा एकेक करून पाहिल्याशिवाय मी फाइल पुढे सोडत नाही. अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल तर तुम्हीही घरी हे करू शकता, पाच मिनिटांचं काम आहे.

मधल्या पिनांचं पुस्तक असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा. पानं सुटी, क्रमाने द्या. फर्मा लावणं, म्हणजे मोठ्या कागदावर पानं योग्य जागी बसवणं, आमच्याकडे सोपवा.

आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, कागदावर मागा. ते ट्यूबलाइटखाली नको, दिवसा खिडकीशी बसून पाहा. नावांची यादी ज्याने टाइप केली त्याला वाचायला देऊ नका. दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि तुम्ही मूळ कागदावर बोट ठेवून ऐका. मग प्रूफवर सही करा, तारीख घाला. त्यानंतरच आम्ही प्लेट काढतो.

नमस्कार.