शिकाऱ्याला खातं कोण?

(दृश्य: कोथरूडमधली एक खिडकी. चौकटीच्या कोपऱ्यात मातीचा गोळा.)

हे कुंभारीण माशीचं घरटं. पुण्यात घरोघरी दिसतं आणि दिवाळीच्या साफसफाईत खरवडून टाकलं जातं. टाकण्याआधी एकदा फोडून बघा. आत माशीच्या अळीसाठी बऱ्याचदा कोळी ठासून भरलेले असतात. डंख मारून लुळे केलेले. पाय आखडलेले, पोट मात्र टवटवीत. डास-माश्या पकडणारा कोळी इथे स्वतःच शिधा झालाय.

शाळेत फळ्यावर अन्नसाखळी काढायचे : गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. प्रत्यक्षात चतुर हा कीटक टाचणीला, म्हणजे आपल्याच नाजूक भाऊबंदाला धरतो, बेडूक कोळ्याला गिळतो, आणि कोळी कोळ्यालाही सोडत नाही. गॅरी पोलिस, मायर्स आणि होल्ट या अभ्यासकांनी १९८९ साली अशा नोंदी एकत्र मांडल्या. एकाच भक्ष्यावर जगणारे शिकारी एकमेकांनाही खातात, आणि हे अपवादाने घडत नाही, असं त्यातून दिसलं.

पण किती खातात? घरट्यातले कोळी मोजता तरी येतात. वेताळ टेकडीवर जाळं विणून बसलेल्या कोळ्याचं पोट उघडून नुसत्या डोळ्यांनी काहीच कळत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो. पंख नाही, पाय नाही, पुरावा नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. वाळवलेल्या कोळ्याची पूड, तराजू.)

म्हणून नायट्रोजन मोजायचा. नायट्रोजनचा एक जड प्रकार असतो, नायट्रोजन-१५. खाणाऱ्याच्या शरीरात तो थोडा जास्त साठतो : दर पायरीला, सरासरीने, हजारी ३.४ इतका. समजा, पानात तो ४ भरला. पानाचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यात ७.४ येईल. फक्त तुडतुडे खाणाऱ्या कोळ्यात १०.८, म्हणजे तिसरी पायरी. आणि कोळ्यात १२.५ भरला तर? पायरी येते साडेतीन! म्हणजे त्याचं साधारण निम्मं जेवण इतर शिकाऱ्यांचं. फळ्यावरच्या साखळीत साडेतीनला जागाच नव्हती.

यात एक पुणेरी अडचण आहे. सांडपाण्यामुळे पाण्यातला नायट्रोजन-१५ बहुधा मुळातच वाढलेला असतो. त्यामुळे मुठेकाठचा कोळी टेकडीवरच्या कोळ्यापेक्षा उगाचच वरच्या पायरीवरचा वाटू शकतो. यावर तोड म्हणजे दोन अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) वेगळी काढायची. फेनिलअॅलॅनिनमधला आकडा पायरीगणिक जवळपास बदलत नाही, ग्लुटामिक आम्लातला झपाट्याने चढतो. पायथा आणि उंची, दोन्ही एकाच जिवात सापडतात.

पायरी कळली तरी नाव कळत नाही. त्यासाठी पोटातला डीएनए. तिथेही गंमत आहे : कोळ्यात माशीचा डीएनए मिळाला, पण माशी त्याने खाल्ली, की माशी खाल्लेला दुसरा कोळी खाल्ला?

(दृश्य: उसाचं शेत, बांधावर बिबट्याची विष्ठा.)

मोठ्या जनावरांचं त्या मानाने बरं. विष्ठा धुऊन केस वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते कोणाचे हे ओळखायचं. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा असा अभ्यास झाला. वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारात ३९ टक्के कुत्री निघाली आणि १५ टक्के मांजरं. म्हणजे निम्म्याहून जास्त जेवण मांसाहाऱ्यांचंच. चर्चा मात्र शेळ्यांची होते!

(दृश्य: रात्र. दगडावर जांभळा उजेड.)

आपल्याच जातीचा जीव खाल्ला, तर या साध्या डीएनए चाचणीचा उपयोग नाही. खाणारा आणि खाल्लेला तिला सारखेच दिसतात. मघाच्याच गॅरी पोलिस यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्यासाठी रात्री जागवल्या. अतिनील दिव्यात विंचू हिरवट चमकतो, दुरूनही सापडतो. आपल्या टेकड्यांवरचे विंचूही तसेच चमकतात. आणि विंचवाचं जेवण एवढं सावकाश चालतं, की नांगीत कोण आहे हे लिहून घ्यायला भरपूर वेळ मिळतो. नांगी म्हणजे इथे पुढचे चिमटे हं, शेपटीकडे बघत बसू नका.